विनामूल्य बाजार : काही विचार, काही अनुभव

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, पण ती यमाच्या दारापासून पुढे. तिचा आरंभ गायींपासून होतो. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेच्या गायी पुढे आणविल्या. त्या दूध आटलेल्या, विण्याचे वय सरलेल्या, चारापाण्याचीही वासना न उरलेल्या अशा होत्या. मुलाने ते पाहिले व त्यास राहवले नाही. यज्ञ यथासांग चालला होता. खोट होती ती गायींत.

देवळाच्या आवारात विनामूल्य बाजार भरविण्याचे आम्ही काही तरुणांनी मनावर घेतले तेव्हा ही कथा आम्हांस ठाऊक होती. तरीही पहिल्या बाजाराच्या आदल्या सायंकाळी आलेली पोती सोडली तेव्हा तिचा अर्थ नव्याने कळला. एकाच पायाची पादत्राणे, बगलेत विरलेले सदरे, अभ्यासक्रमातून कधीच गेलेली पाठ्यपुस्तके, आणि एका पोत्यात तर चक्क ओली पायपुसणी! देणारे सर्व सज्जन, नित्य दर्शनास येणारे. त्यांस आपण काही वाईट करीत आहो असे वाटलेही नसेल.

ज्या बाजारात सर्व वस्तू फुकट असतात, कोणी विकत नाही व कोणी मोबदला मागत नाही, अशी ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1966 ते 1968 च्या सुमारास डिगर्स नावाच्या मंडळीने फुकट जेवण व फुकट दुकाने चालविली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पडीक जमीन सर्वांसाठी कसू पाहणाऱ्यांचे नाव त्यांनी घेतले होते. त्यांच्या दुकानात कोणी व्यवस्थापकाची चौकशी केली तर ‘तुम्हीच व्यवस्थापक’ असे उत्तर मिळे. पुढे 2003 साली मायामी येथे मुक्त व्यापाराच्या कराराविरुद्ध निदर्शने झाली, त्या सुमारास ‘खराखुरा मुक्त बाजार’ अशा अर्थाच्या नावाने असे बाजार भरू लागले व नंतर अनेक देशांत पसरले. इराणात मशहद शहरी 2015 च्या अखेरीस एका भिंतीवर खुंट्या ठोकून, नको असेल ते ठेवा व हवे असेल ते न्या, अशा अर्थाचे शब्द लिहिले गेले. तीच भिंत आपल्याकडे ‘माणुसकीची भिंत’ व हिंदी मुलखात ‘नेकी की दीवार’ झाली. अशा भिंती आपणही पाहिल्या असतील. पहिल्या महिन्यात त्या शोभतात. राखणारे कोणी नसले की पुढे पावसात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग उरतो. म्हणून भिंतीपेक्षा बाजार बरा, असे आमचे मत झाले. बाजारास वेळ असते, माणसे असतात, आणि संध्याकाळी जागा झाडून रिकामी होते.

आता आपल्या लोकांची एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या घरांत जुने कपडे फुकट द्यावयाची सवयच नाही. चांगली साडी बोहारणीकडे जाते व तिच्या मोबदल्यात पातेले येते. रद्दी, डबे, बाटल्या यांचेही पैसे होतात. तेव्हा बाजारात येते ते बोहारणीनेही नाकारलेले! यावर उपदेशाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका साध्या नियमाचा : वस्तू पोत्यात बांधून घ्यावयाची नाही, देणाऱ्याने ती स्वतः मेजावर मांडावयाची. स्वतःच्या हाताने, शेजाऱ्यांच्या देखत फाटका सदरा उलगडून ठेवणे फार थोड्यांस जमते. पुढच्या बाजारास निम्मीच वस्तू आली, पण ती धुतलेली, बटणे लावलेली होती. एका गृहिणीने तर कुकरचे नवे रबर आणून बसविले.

या बाबतीत आम्ही थोडे अधिक तीव्र बोलतो, त्याचे कारण घरचे आहे. आमचे वडील पुजारी आहेत. दानासाठी म्हणून दुकानांत निराळे पंचे मिळतात, विरळ विणीचे, एका धुण्यात जाळी होणारे. पूजेची म्हणून निराळी सुपारी मिळते, जी खाता येत नाही. आमच्या माळ्यावर अशा पंच्यांची व खणांची एक ट्रंक भरलेली आहे. खण तर एका घरातून निघून चार ओट्या फिरून पुन्हा त्याच घरी येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. घेणाऱ्याच्या बाजूस बसून दान कसे दिसते, हे पुजाऱ्याच्या मुलास शिकवावे लागत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस दान ओळखण्याच्या खुणांत देश, काळ व पात्र चुकणे या गोष्टी आहेतच. परंतु आदर न राखता, तुच्छतेने दिलेले, हीही खूण तेथे आहे. आमच्या समितीतील एका वृद्ध सभासदांनी यातील ‘पात्र’ या शब्दावर बोट ठेवले. घेणाऱ्याची नोंद ठेवावी, शिधापत्रिका पाहावी, गरज पाहून वस्तू द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यास निमित्तही घडले होते. एक गृहस्थ दोन पिशव्या भरून भांडी घेऊन गेले व ती त्यांनी मोडीत घातली, असे कळले. वाद बराच झाला. आमचे म्हणणे असे की, पात्रता पाहणे हे दात्याचे काम खरे; पण हा बाजार आहे. बाजारात गिऱ्हाइकास तू कोण म्हणून कोणी विचारीत नाही, आणि आज घेणारा तोच उद्या आपल्या मुलाचे तोकडे झालेले दप्तर घेऊन येतो. शेवटी एका फेरीत एका घराने पाच वस्तू घ्याव्यात, एवढेच ठरले. नावे लिहिण्याचे टळले. भांडी मोडीत घालणारे ते गृहस्थ अद्याप येतात व पाच वस्तू नेतात. त्यांचे काय करतात ते आम्ही विचारीत नाही. वृद्ध सभासदांस हे अजूनही पटलेले नाही, व त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असेही आम्ही म्हणणार नाही.

खरी अडचण अधिक नेणाऱ्याची नसून मुळीच न नेणाऱ्याची आहे. पहिल्या बाजारास पुष्कळ माणसे आली, वस्तू हातात घेऊन पाहिल्या व परत ठेवल्या. घेतले की आपण गरीब ठरलो, ही भीती. तेव्हा आमच्या मातोश्री पुढे झाल्या व त्यांनी एक लहान कुकर उचलला. ‘भटजींच्या घरी कुकर नाही काय?’ असे कोणीतरी मागे पुटपुटले, ते आम्ही ऐकले. त्यांनीही ऐकले असावे. त्या म्हणाल्या, “आमचा मोठा आहे, दोघांच्या भाताला हाच बरा.” आणि पिशवीत घालून चालू लागल्या. त्यानंतर अर्ध्या घटकेत भांड्यांचे मेज रिकामे झाले.

छायाचित्रांविषयी मात्र आमच्या हातून चूक झाली. एका स्वयंसेवकाने उत्साहाने गणवेश घेणाऱ्या एका मुलीचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर टाकले. ते तिच्या वर्गात पोहोचले. पुढील बाजारास ती आली नाही, तिची आईही आली नाही. आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. आईने चहा दिला, पण बाजाराचा विषय काढू दिला नाही. तेव्हापासून छायाचित्र बंद. देणग्या त्यामुळे थोड्या कमी झाल्या, हे खजिनदारांचे म्हणणे खरे आहे.

जागेचाही प्रश्न होता. सभामंडपात सावली व सतरंज्या होत्या, पण देवळाच्या पायऱ्या चढण्यास संकोच करणारी माणसे आपल्या गावात आहेत, आणि त्या संकोचाचे कारण त्यांनी निर्माण केलेले नाही. म्हणून बाजार पटांगणात, रस्त्याकडेच्या दाराशी आणला. आत येण्यास एक व जाण्यास दुसरे दार ठेविले. पेशवाईत श्रावणातील दक्षिणेसाठी पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. गर्दी आवारात घ्यावी व दारावर एकेकास निरोप द्यावा, ही युक्ती तेव्हाही लोकांस ठाऊक होती.

स्वयंसेवकांनी आधी काही बाजूस ठेवू नये, हा नियम लिहून लावावा. पहिल्या वेळी झाकणाचे चांगले डबे दार उघडण्यापूर्वीच नाहीसे झाले, आणि नेणारे परके नव्हते. आता स्वयंसेवकांची पाळी शेवटच्या अर्ध्या तासात येते.

उरलेल्या वस्तूंचा विचार आधीच करावा. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. त्यातले पुष्कळ कपडे गोळा करून उपयोगात आणण्याचे काम गूंज या संस्थेने केले. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांस 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या संस्थेची दुसरी रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे : खेड्यातील लोक स्वतः ठरवून विहीर, बांध, रस्ता असे काम करतात व त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. आम्हांस तेवढे जमणारे नाही. उरलेली वस्तू देणाऱ्याने त्याच सायंकाळी परत न्यावी, एवढे आम्ही पाळतो. सुती चिंध्या गॅरेजवाल्यांस उपयोगी पडतात, त्या तेथे जातात.

बेळगावात मेअखेर शाळा उघडतात. म्हणून पुढील बाजार मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ ते दहा भरेल. गणवेश, दप्तरे, कंपासपेट्या, छत्र्या व चालू अभ्यासक्रमाची पुस्तके विशेष हवी आहेत. छत्री उघडून पाहूनच आणावी. मांडणीसाठी साडेसहास यावे. चहा देवळातर्फे मिळेल.