चित्र अडखळते : दोष लाइनीचा की लॅपटॉपचा?

पूर्वी सुरतेचा माल पाहायचा म्हणजे रात्रीची गाडी धरावी लागे. आता तिकडचे अनेक व्यापारी यूट्यूबवर माल थेट दाखवतात. ताका उलगडला, भाव सांगितला, की इकडून ऑर्डर रवाना. सोय मोठी खरी, पण चित्र अडखळत आले तर हीच सोय अंगावर येते. गेल्या हंगामात आम्ही असेच तुटक चित्र पाहून चाळीस ताके पसंत केले. माल मालेगावात आला तेव्हा कळले की मध्येमध्ये छपाईचा रंग सरकलेला आहे. तक्रार केली तर समोरचा म्हणाला, "सेठ, आम्ही तर पूर्ण ताका उलगडून दाखवला होता." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ताक्याचा तो भाग आमच्या पडद्यावर आलाच नव्हता.

त्याआधी आम्ही दोन सल्ले घेऊन चुकलो होतो. नेटवाल्याने सांगितले, प्लॅन वाढवा. आम्ही ४० एमबीपीएसचा १०० केला, फरक शून्य. दुकानदार म्हणाला, लॅपटॉप २०१३ चा आहे, नवा घ्या. दोघांपैकी एकानेही मशीन उघडून पाहिले नव्हते. ज्याच्याकडे जो माल, त्याचा तोच इलाज.

खरे तर आजार दोन आहेत आणि त्यांची लक्षणे वेगळी आहेत. पडद्यावर चक्र फिरते, आवाज आणि चित्र दोन्ही थांबतात आणि थोड्या वेळाने दोन्ही सुरू होतात, तेव्हा बहुधा माल रस्त्यात अडकलेला असतो. म्हणजे लाइनीचा दोष. पण आवाज सुरळीत चालला आहे आणि चित्र मात्र उड्या मारते आहे, तर माल दुकानात पोहोचला आहे, तो उघडणारा हमाल थकला आहे. म्हणजे लॅपटॉपचा दोष. सोपी परीक्षा अशी की तोच व्हिडिओ, त्याच वायफायवर, त्याच जागी बसून मोबाइलवर लावावा. तिथे नीट चालला तर लाइनीवर आळ घेऊ नये.

पक्का हिशोब हवा असेल तर लॅपटॉपवर यूट्यूबचा एखादा आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावून चित्रावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि यादीतील 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडावे. त्यात 'बफर हेल्थ' म्हणजे किती सेकंदांचा माल शिलकीत आहे तो आकडा, आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स' म्हणजे किती चित्रे लॅपटॉपने वाटेत टाकून दिली तो आकडा. शिलक शून्यावर येत असेल तर लाइन दोषी. शिलक भरपूर असून टाकलेल्या चित्रांचा आकडा चढत असेल तर लॅपटॉप दोषी. (थेट प्रसारणात शिलक मुळातच थोडी असते, म्हणून परीक्षा रेकॉर्ड केलेल्यावरच घ्यावी.)

लाइनीबद्दल फार लिहीत नाही. ७२० च्या चित्राला साधारण अडीच एमबीपीएस आणि १०८० ला पाच पुरतात. एका पेढीला १०० कशाला लागतात, हे आम्हाला बिल भरल्यावर समजले. राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर तो बाहेर काढावा, किंवा सरळ वायर जोडावी.

लॅपटॉपकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. व्हिडिओ हा दाबून बांधलेल्या गाठीसारखा येतो आणि लॅपटॉपला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे उलगडावी लागतात. एच२६४ या जुन्या बांधणीसाठी २०११ नंतरच्या बहुतेक मशिनींत वेगळे हत्यार बसवलेले आहे. व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या बांधण्या जास्त घट्ट आहेत; भाडे कमी लागते पण उघडायला कष्ट जास्त. इंटेलच्या मशिनींत व्हीपी९ चे पूर्ण हत्यार सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ चे २०२० च्या अकराव्या पिढीपासून आले. आमच्यासारख्या जुन्या लॅपटॉपमध्ये हे सारे काम मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर पडते. म्हणून आधी चित्राचा दर्जा ४८० वर आणावा. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचे बटण चालू आहे का तेही पाहावे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर कोणता प्रोग्राम खातो आहे ते तिथेच दिसते. आमच्याकडे मुनीमजींनी बावीस टॅब उघडे ठेवले होते.

एवढे करूनही आमचे चित्र पहिली दहा मिनिटे ठीक आणि मग तुटक. हे उष्णतेचे लक्षण. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. कारागिराने मागचे झाकण उघडले तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये रुईचा चक्क नमदा जमलेला! आपल्या यंत्रमागांच्या गावात हवेतच रुई असते, ती पंखा ओढून घेतो. वर आम्ही लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायचो, त्यामुळे तळाच्या हवेच्या फटीही बंद. त्याने ब्रशने रुई काढली, पंखा बोटाने धरून फुंकणी मारली (मोकळा पंखा जोराने फिरला तर बिघडतो), प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत खर्च नाममात्र. आता लॅपटॉप लाकडी चौरंगावर असतो आणि दर सहा महिन्यांनी तो साफ करून घेतो.

चार्जर लावूनच प्रसारण पाहावे, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरतात. विंडोज १० असेल तर एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी : तिचा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा मशिनीवर माल पाहावा, बँकेचे व्यवहार दुसरीकडे करावेत.

आमचे चित्र आता तासभर अडखळत नाही. तरी ४८० च्या दर्जात छपाईची बारीक चूक दिसत नाही. म्हणून पसंत पडलेल्या ताक्याचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे तीन फोटो आम्ही मोबाइलवर मागवतो, आणि ते पाहिल्यावरच ऑर्डर लिहितो.