बिनहुकमाची रांग

आम्हा कॅडेटांना सरळ रांगेत उभे करायला उस्तादांचा हुकूम लागतो. काही रेणू मात्र पाण्यावर कोणाच्याही हुकमाशिवाय रांगेत उभे राहतात. याला रेणूंची स्वयंरचना म्हणतात. आनेकल तालुक्यात मुत्तनल्लूर, हेन्नागर अशी तळी आहेत आणि उन्हाळ्यात त्यांतले पाणी वाफ होऊन उडते. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

सेटिल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा पदार्थ आहे. त्याच्या रेणूत १६ कार्बनची लांब साखळी असते, ती शेपटी. एका टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजनचा गट असतो, ते डोके. डोके पाण्याकडे ओढले जाते, शेपटी पाण्यापासून दूर राहते. त्यामुळे डोके पाण्यात आणि शेपटी हवेत अशा स्थितीत रेणू दाटीने उभे राहतात. हा थर एकाच रेणूच्या उंचीचा, म्हणजे सुमारे २ नॅनोमीटर जाड असतो.

आता हिशेब करू. एका रेणूला सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. १ ग्रॅममध्ये सुमारे २.५ गुणिले १० चा २१ वा घात इतके रेणू असतात. गुणाकार केला की सुमारे ५०० चौरस मीटर येतात. बास्केटबॉलचे मैदान २८ × १५ = ४२० चौरस मीटर असते. म्हणजे १ ग्रॅम पदार्थ सगळे मैदान झाकून वर उरेल!

अशा थरांचा अभ्यास जर्मनीच्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात सुरू केला. त्यांचे पत्र १८९१ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात छापले गेले. पुढे अमेरिकेच्या अर्विंग लँगम्यूर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

करून पाहा : ताटलीत पाणी घेऊन वर मिरपूड भुरभुरवा. साबण लावलेल्या काडीने मध्यभागी स्पर्श करा. साबणाचे रेणू पसरतात, तिथला पृष्ठीय ताण कमी होतो आणि मिरपूड झटकन कडेला जाते.

या थराचा उपयोग पाणी वाचवण्यासाठी होतो. शेपट्या दाट उभ्या असल्या की पाण्याच्या रेणूंना फटीतून निसटणे कठीण जाते. खाद्यतेलातील ओलेइक आम्लाची साखळी मात्र वाकडी असते. तिच्या रांगेत फटी राहतात, म्हणून ती वाफ फारशी अडवत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बिस्वास, घारपुरे, देव, कुलकर्णी या संशोधकांनी १९६० च्या सुमारास यावर काम केले. त्यांनी सेटिल अल्कोहोलच्या जोडीला अल्कॉक्सी इथेनॉल नावाचे पदार्थही तपासले.

अडचण वाऱ्याची आहे. वारा थराला ढकलून काठाशी गोळा करतो आणि पदार्थ पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. आनेकलच्या तळ्यांसाठी हा उपाय वापरायचा, तर आधी वाऱ्यातही टिकणारी रांग शोधावी लागेल. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्यापैकी कोणीतरी हे काम हाती घ्यावे.