आधि आणि व्याधि

आपल्या ग्रंथकारांनी मानवी दुःखाचा विचार करताना 'आधि' आणि 'व्याधि' हे दोन शब्द बहुधा जोडीनेच योजिले आहेत. आधि म्हणजे मनाची पीडा आणि व्याधि म्हणजे शरीराची. महाभारताच्या शांतिपर्वात असे सांगितले आहे की, रोग शारीरिक व मानसिक असे द्विविध असून त्यांतील एकाचा जन्म दुसऱ्यापासून होतो. चरकसंहितेने अतिसाराचे सहा प्रकार सांगितले, त्यांत भयापासून होणारा व शोकापासून होणारा असे दोन प्रकार स्वतंत्र गणले आहेत. आणि त्यांच्या उपचारांत रोग्यास आनंदित करणे व धीर देणे यांचाही समावेश केला आहे.

प्रस्तुत पाठात आपणांस एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तपासण्या होतात, त्यांत दोष आढळत नाही, आणि तरीही छाती धडधडते, डोके गरगरते, पोट दुखते. अशा वेळी मूळ कारण चिंता असू शकेल काय? आणि असल्यास घरच्या माणसांनी कसे वागावे?

अर्जुनाची अवस्था

गीतेचा पहिला अध्याय आपल्यापैकी अनेकांच्या नित्यपाठात आहे. त्यातील अठ्ठाविसाव्या श्लोकापासून अर्जुन आपल्या देहाची अवस्था स्वतःच सांगतो. त्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोमांच उभे राहिले आहेत, त्वचेचा दाह होत आहे, गांडीव हातातून गळत आहे, उभे राहवत नाही आणि मन भ्रमल्यासारखे झाले आहे. त्या क्षणी रणांगणावर एकही बाण सुटलेला नव्हता. अर्जुनाच्या देहावर जखम नव्हती की त्याला ज्वर नव्हता. जे होते ते मनात होते, आणि तरीही कंप खरा होता, कोरड खरी होती.

अर्जुनाला कोणता रोग झाला होता असे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एक गोष्ट येथे निर्विवाद दिसते. भित्र्या किंवा दुबळ्या माणसालाच असे होते हा समज खोटा आहे.

आपली मराठी भाषाही हीच साक्ष देते. पोटात गोळा उठतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, छातीत धस्स होते. हे सर्व वाक्प्रचार मनाच्या अवस्थेचे आहेत, परंतु त्यांतील प्रत्येक शब्द शरीराचा आहे.

हे घडते कसे?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात भीती, क्रोध, वेदना व भूक यांमुळे देहात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले. संकट दिसताच मेंदू देहाला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. हृदय जलद चालू लागते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात, घाम सुटतो. पचनाचे काम मागे पडते आणि तोंड कोरडे होते. समोर वाघ असेल तर ही योजना प्राण वाचविते. परंतु मुलीचे लग्न, कर्जाचा हप्ता, मुलाची परीक्षा, आजारी सासऱ्यांची रात्रंदिवस शुश्रूषा, यांपासून पळताही येत नाही आणि त्यांच्याशी दोन हातही करता येत नाहीत. सज्ज झालेला देह मग महिनोन्महिने सज्जच राहतो. ताठलेल्या स्नायूंमुळे मान, पाठ व डोके दुखते, पोट बिघडते, झोप तुटते.

श्वासाचेही तसेच आहे. भीतीने माणूस भराभर श्वास घेऊ लागला म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा कमी होतो. त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, आणि श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी जोराने श्वास घेतो.

येथूनच एक दुष्टचक्र सुरू होते. चिंतेने धडधड होते. धडधडीमुळे 'मला हृदयविकार तर नाही ना?' अशी भीती वाटते. त्या भीतीने धडधड वाढते. ही गोष्ट नवीन नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात अनेक सैनिक धडधड, छातीतील कळा आणि धाप यांनी हैराण झाले होते. डॉक्टर दा कोस्टा यांनी १८७१ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या हृदयाच्या रचनेत या त्रासाचा उलगडा होईल असा बिघाड सापडत नव्हता. पुढे या विकाराला 'सैनिकाचे हृदय' असे नाव पडले.

प्रथम शरीराची तपासणी

परंतु वरील विवेचन वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. थायरॉईड ग्रंथीचे आधिक्य, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा, मधुमेहाच्या औषधाने एकाएकी उतरलेली साखर, एवढेच काय, दिवसभरात घेतलेले अतोनात चहाकॉफीचे पेले, यांनीही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून नीट तपासणी झालीच पाहिजे. छातीवर दडपण येऊन कळ हातात किंवा जबड्यात जाणे, शुद्ध हरपणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, अशा वेळी चिंतेची चर्चा करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. वजन घटणे, रक्त पडणे, ज्वर न हटणे, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे. विशेषतः स्त्रियांच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणून बाजूस सारण्याची खोड आपल्या घरांत जुनी आहे, ती सोडली पाहिजे. कारण सापडले नाही, एवढ्यावरून ते मनातच आहे असे सिद्ध होत नाही. चिंतेची स्वतःची चिन्हे दिसावी लागतात : काळजी आवरता न येणे, सतत बेचैनी, चिडचिड, झोप न लागणे, आणि त्रासाचा संबंध विशिष्ट प्रसंगांशी असणे.

'तुला काही झालेले नाही'

तपासणी निर्दोष आली की घरात हे वाक्य हमखास उच्चारले जाते. उद्देश चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला वाटते की, आपणांस खोटे ठरविले. मग तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, त्याच तपासण्या पुन्हा करवितो, किंवा बोलणेच बंद करतो.

येथे गीतेकडे पुन्हा वळले पाहिजे. भगवंतांनीही दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाला दुर्बळता टाकण्यास बजाविले. परंतु तेवढ्याने तो उठला नाही. उलट, आपला गोंधळ कबूल करून तो शरण आला, आणि तरीही 'मी लढणार नाही' असे म्हणून स्वस्थ बसला. त्यानंतर भगवंतांनी त्याची प्रत्येक शंका ऐकली आणि प्रत्येकीचे उत्तर दिले. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस मोह गेल्याचे अर्जुनाने स्वतःच्या मुखाने सांगितले. बजावणी एका श्लोकात संपते. समजूत घालण्यास उरलेली गीता लागली. आपल्या घरातील सून, मुलगा किंवा वडील यांच्यासाठी आपण किती वेळ ऐकून घेतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

म्हणून 'काही नाही' याऐवजी असे म्हणावे : 'तुला होणारा त्रास खरा आहे. हृदय चांगले आहे हे आता कळले. कशाची काळजी लागली आहे, ते सावकाश सांग.'

देवस्थान आणि दवाखाना

पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्या आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशा दुखण्यासाठी अंगारा मागावयास येणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. देवापुढे उभे राहून धीर येतो, तो खराच असतो. संथ नामस्मरणाने श्वास लांबतो, मन स्थिरावते. परंतु अंगारा हा औषधाचा पर्याय नव्हे. दृष्ट, करणी यांच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांपासून तर दूरच राहावे.

चिंताविकारावर उपचार आहेत. विचारांची व वागण्याची घडी बदलण्यास शिकविणारे समुपदेशन, आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे, यांनी पुष्कळांस गुण येतो. औषध आपल्या मनाने सुरू अथवा बंद करू नये. नियमित चालणे, वेळेवर झोप, चहा कमी करणे, आणि श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा अधिक लांबविणे, हे घरी करता येते. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आजाराचा उपचार घेण्यात कमीपणा नाही, आणि घराण्याच्या अब्रूचा तर त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

मननासाठी प्रश्न

१. अर्जुनाने आपल्या देहाची कोणकोणती लक्षणे सांगितली? शरीराच्या 'सज्जतेने' त्यांतील कोणती उलगडतात?

२. चिंता हे कारण मानण्यापूर्वी तपासणी का आवश्यक आहे?

३. आपल्या घरात असे कोणी आहे काय, की ज्याचे दुखणे आपण ऐकले, परंतु ज्याची काळजी ऐकलेली नाही?