जिल्हई

मुलांनो, उर्दूतील ‘जिला’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. जिला म्हणजे चकाकी. हाच शब्द मराठीत येऊन ‘जिल्हई’ झाला. लाकूड, धातू किंवा दगड घासून त्यावर जी चकाकी आणतात, तिला जिल्हई म्हणतात. काही दगडांना ती लवकर चढते. एक दगड मात्र फार हट्टी आहे. त्याचे नाव जेड. उर्दूत त्याला यशब किंवा यशम म्हणतात.

मोगल बादशहांना हा दगड अतिशय आवडत असे. तो मध्य आशियातील खोतानकडून येई. तेथील नद्यांच्या पात्रांत जेडचे गोटे सापडतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तुम्ही गेलात, तर जेडच्या वस्तूंचे दालन चुकवू नका. शहाजहानची तिरंदाजीची अंगठी तेथे आहे. धनुष्याची दोरी ओढताना बोट कापू नये, म्हणून अशी अंगठी अंगठ्यात घालत. शहाजहानचा पांढऱ्या जेडचा एक पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो 1657 साली घडवला गेला. त्याची मूठ बोकडाच्या डोक्याच्या आकाराची आहे. इतक्या वर्षांनंतरही त्याची कांती लोण्यासारखी मऊ दिसते.

आपण पेला घडवणार नाही. आपण अंगठीचा एक साधा खडा पाहू. तुमच्या आजोबांच्या अंगठीत अकीक किंवा फिरोजा असेल, तर तो आठवा. खाली सपाट, वर घुमटासारखा फुगीर, आणि पैलू एकही नाही. अशा खड्याला कॅबोशॉन म्हणतात. हिऱ्याचे पैलू प्रकाश आत घेऊन परत फेकतात. जेडमधून प्रकाश आरपार नीट जात नाही, म्हणून त्याचे सारे रूप वरच्या पृष्ठभागावरच असते. तेथे एक ओरखडा राहिला, तरी तो लपत नाही.

प्रथम हिऱ्याची कणी बसवलेल्या करवतीने दगडाची चकती कापतात. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या टोकदार काडीने लंबगोल आखतात. पेन्सिलीची रेघ पाण्याने पुसली जाते, ही रेघ टिकते. मग चकती थोडी गरम करून लाखेने एका काडीच्या टोकाला चिकटवतात. आता काडी हातात धरून दगड फिरत्या सानेवर घासायचा. सान म्हणजे घासण्याचे चाक. दगड सतत फिरवत राहावे लागते. क्षणभर हात थांबला, की घुमटावर सपाट डाग पडतो. सानेवर पाण्याची धार सोडलेली असते. पाण्यामुळे दगड तापत नाही आणि धूळ उडत नाही. ही धूळ फुफ्फुसांना वाईट, म्हणून तोंडावर मास्कही बांधावा.

आकार आला, की पॉलिशकागदांची पाळी येते. 220 नंबरचा कागद खरबरीत असतो. नंतर 400, 600 आणि 1200. नंबर वाढतो, तसे कण बारीक होतात. प्रत्येक कागदाचे काम एकच: आधीच्या कागदाने पाडलेले ओरखडे काढून टाकणे. हे काम पुरे झाले की नाही, ते कसे ओळखाल? दगड कोरडा पुसा आणि दिव्याखाली तिरपा धरून पाहा. ओला दगड नेहमीच चमकतो, आणि तेथेच नवशिका फसतो. ओल्या दगडाची चमक पाहून तो पुढचा कागद घेतो. जुना ओरखडा तसाच राहतो आणि शेवटी सर्वांत उठून दिसतो.

एवढे सर्व नीट केले, तरी जेड आपला हट्ट दाखवतो. चकाकीऐवजी घुमटावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. असे का होते? नेफ्राइट जातीचा जेड अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो. नमद्यातील लोकर जशी एकमेकींत गुंतते, तसे हे तंतू गुंतलेले असतात. म्हणून तर हा दगड फोडू म्हणता फुटत नाही. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याच्या कुऱ्हाडी करीत. पण सगळे तंतू एका दिशेने नसतात. काही लवकर झिजतात, काही उभे राहतात. ज्या गुणामुळे दगड चिवट झाला, तोच गुण जिल्हईच्या आड येतो.

अशा वेळी पॉलिशची भुकटी कितीही घासली, तरी खळगे जात नाहीत. 600 च्या कागदाकडे परतावे लागते. दोन तासांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते, हे खरे. तरी परतावेच लागते. पुष्कळ कारागीर येथे नवा कागद न घेता वापरून बोथट झालेला कागद घेतात. नव्या कागदाचे तीक्ष्ण कण तंतू उपटतात, बोथट कण त्यांना हळूहळू समान करतात.

शेवटी चामडे. चामड्याच्या चाकावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी पाण्यात कालवून लावतात. चाक सावकाश फिरवतात आणि दगड जोर देऊन दाबतात. चामडे सुकत आले, की ते दगडाला ओढू लागते. हाताला ही ओढ कळते. याच वेळी घुमटावर चकाकी येऊ लागते. मात्र बोटाने दगडाची ऊब पाहत राहा. तो फार तापला, तर लाख वितळेल आणि खडा सुटून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडेल. माझे खडे असे बरेच कोपरे पाहून आले आहेत.

काम झाले, की काडी थोडा वेळ बर्फात ठेवा. लाख ठिसूळ होते आणि खडा अलगद सुटतो. चिकटलेली लाख स्पिरिटने पुसा. आता खडा ट्यूबलाइटखाली धरा. घुमटावर दिव्याची पांढरी रेघ दिसेल. रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ असतील, तर खडा सोनाराकडे न्या. कडा थरथरत्या दिसल्या, तर लाख पुन्हा गरम करायला ठेवा.