रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते? प्रोस्टेटची वाढ आणि तिच्यावरचे उपचार

घरातले वयस्कर पुरुष रात्री तीन-चार वेळा उठतात, संडासात बराच वेळ लावतात आणि बाहेर येऊन दहा मिनिटांत पुन्हा जातात. हे बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या आधी लक्षात येते. विचारले तर "काही नाही, वय झालं" एवढेच उत्तर मिळते. अंबड-चुंचाळे भागात ज्यांना सार्वजनिक शौचालयावर अवलंबून राहावे लागते, त्यांच्यासाठी रात्रीची ही फेरी म्हणजे अंधार, ओल, कुत्री आणि पाय घसरण्याची भीती. मग म्हातारा माणूस दुपारनंतर पाणी पिणेच बंद करतो. त्याने लघवी घट्ट होते, जळजळ होते आणि त्रास आणखी वाढतो. कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणे सोडतो, कारण बसमध्ये चार-पाच तास धरवत नाही. कारण मात्र घरात सांगत नाही.

लाजण्यासारखे यात काही नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते, आणि साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते. वाढलेली ग्रंथी मधून जाणारी नळी दाबते. त्यामुळे लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, थांबत थांबत येते, शेवटी थेंब पडत राहतात आणि पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. सोनोग्राफीत ग्रंथी किती ग्रॅमची निघाली यावर त्रास अवलंबून नसतो. ४० ग्रॅमवाल्याची लघवी अडते आणि ८० ग्रॅमवाला आरामात फिरतो, असेही होते. म्हणून रिपोर्टमधला आकडा बघून घाबरू नये.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ती पुढे कर्करोगात बदलतही नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. याच तपासणीच्या नावाने पुष्कळ जण दवाखाना टाळतात. प्रत्यक्षात ती अर्ध्या मिनिटात संपते. लघवीची तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, गरज वाटल्यास पीएसए ही रक्ताची तपासणी, आणि लघवीच्या आधी व नंतर अशी दोनदा सोनोग्राफी करतात. लघवी करूनही मूत्राशयात किती उरते, हे त्या दुसऱ्या सोनोग्राफीत कळते. रक्तातली साखरही तपासून घ्यावी. मधुमेहात वारंवार लघवी होतेच, आणि प्रोस्टेटच्या नावाखाली तो दडून राहू शकतो.

त्रास थोडा असेल आणि तपासण्या ठीक असतील तर औषध लागतेच असे नाही. दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी करावे. संध्याकाळचा चहा सोडावा. दारूने लघवी वाढते आणि अडकतेही, त्यामुळे या माणसाने ती बंदच करावी. लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. शौचालय लांब असेल तर रात्री खाटेजवळ झाकणाचे भांडे ठेवावे. ते सकाळी उचलायला सुनेनेच यावे असा काही नियम नाही.

औषधे मुख्यतः दोन प्रकारची. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सायलोडोसिन या गोळ्या नळीभोवतीचे स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत जाणवतो, पण ग्रंथी लहान होत नाही. गोळी घेतल्यावर एकदम उठले तर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी खाटेवर बसावे, मग उभे राहावे. वीर्य कमी येते किंवा येत नाही. गोळी बंद केली की ते सहसा पूर्ववत होते. दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचा. ग्रंथी मोठी असेल तेव्हा या देतात. त्या ग्रंथी आकसवतात, पण त्याला सहा महिने लागू शकतात. महिनाभरात "गुण नाही" म्हणून गोळी सोडणारे नेमके इथेच फसतात. काहींची कामेच्छा कमी होते. या गोळ्यांनी पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून तपासणीच्या वेळी गोळी चालू असल्याचे सांगावे. घरात गर्भवती असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. जनऔषधी केंद्रात ही औषधे ब्रँडच्या गोळ्यांपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात.

आता धोक्याची गोष्ट. लघवी अचानक पूर्ण अडते, ओटीपोट फुगते आणि माणूस वेदनेने तळमळतो. बऱ्याचदा त्याआधी काहीतरी घडलेले असते: लांबच्या प्रवासात तासन्‌तास धरून ठेवलेली लघवी, दारू, बद्धकोष्ठता, किंवा मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी. नाक सुकवणारी कित्येक औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने दुकानदाराला तसे सांगूनच सर्दीचे औषध घ्यावे. लघवी अडली तर पाणी पाजत, शेक देत सकाळपर्यंत थांबू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन नळी घालावी, लगेच आराम पडतो. त्यानंतर काही दिवस गोळी देऊन नळी काढून बघतात, आणि अनेकांना पुन्हा आपोआप लघवी होते.

न झाल्यास ऑपरेशनचा विचार करावा लागतो. वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, पुन्हा पुन्हा रक्त जाणे किंवा किडनीवर ताण असेल तरीही. पण आपल्याकडे ऑपरेशनच्या भीतीने काही जण महिनोन्‌महिने नळी आणि पिशवी घेऊन जगतात. साधी रबरी नळी काही आठवड्यांनी बदलावी लागते, आणि ती राहिली की जंतूंना वाट मिळते. ज्याची प्रकृती ऑपरेशन सोसू शकते त्याने असे जगावे, हे मला पटत नाही.

सर्वात रुळलेले ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. पोटावर चिरा नसतो. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात आणि लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून अडणारा भाग कापून काढतात. दोन-तीन दिवस नळी राहते. नंतर दीड महिना जड वजन उचलायचे नाही. कंपनीत माल चढवणाऱ्या माणसाने रजेचा हिशेब आधीच करावा. दहा-पंधरा दिवसांनी लघवीत थोडे रक्त दिसू शकते, पण गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर परत जावे. लेझरनेही हे ऑपरेशन होते. फार मोठ्या ग्रंथीसाठी लेझर किंवा चिरा देऊन ऑपरेशन करतात.

"मर्दानगी जाते का?" हा प्रश्न पुरुष विचारत नाहीत, आणि तेवढ्यासाठी ऑपरेशन टाळतात. ताठरता बहुतेकांची पूर्वी होती तशीच राहते. मात्र वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते, हे बहुतेकांत होते आणि कायमचे राहते. त्याने इजा होत नाही. नवराबायको दोघांनी हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे.

खर्चाचे काय? अंबड-सातपूरच्या कामगाराचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी विमा योजनेत असेल, तर सातपूरचे कामगार विमा रुग्णालय आहे. अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. किमान पाच वर्षे विमा भरून सेवानिवृत्त झालेल्या कामगाराला स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वर्षाला १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात. हे कित्येक निवृत्तांना ठाऊकच नाही. इतरांसाठी जिल्हा रुग्णालय आहे, आणि शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्ररोगाचा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, आणि आपले ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे भरती होण्याआधीच विचारावे. मोफत क्रमांक १५५३८८.

जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत; रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून दाखवावी. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर टॅमसुलोसिन घेत असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावे, कारण या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही आणि त्यांना आधी तयारी करावी लागते.