पर्समध्ये काय ठेवायचं?

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, आमच्या वरठीत आहे. नागपूरहून रात्री परतणारी नोकरदार मंडळी इथेच उतरतात आणि ऑटो, दुचाकी नाहीतर पायी पुढे निघतात. सनफ्लॅग पोलाद कारखान्याची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर वर्दळ असते. एरवी अंधार आणि कुत्री. त्यामुळे लोकलने रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आम्हा बायकांत, पर्समध्ये काय ठेवायचं यावर वाद ठरलेला.

एकीचा भाऊ म्हणतो, चाकू ठेव. एकीच्या सासूबाईंनी भिवापुरी मिरचीची पूड पुडीत बांधून दिली. कुणीतरी पिस्तुलाचं नाव काढतंच, पण तो विषय लवकर संपतो. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. वर परवाना, प्रशिक्षण, पोलीस चौकशी आणि घरातल्या पोरांपासून ते जपण्याची काळजी. नकोच ते.

चाकूचा मोह मात्र सहज सुटत नाही. मग नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीचं उदाहरण निघतं. तिथल्या बायकांना छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात जमावाने मिरचीपूड आणि चाकूंनी संपवलं. वर्षानुवर्षांच्या छळाचा तो उद्रेक होता. एकट्या बाईने अंधारात स्वतःला वाचवायचं, ही गोष्ट वेगळी. शिवाय आरोपी पुराव्याअभावी सुटले ते २०१४ मध्ये. तोवर दहा वर्षं गेली. चाकू चालवायचा तर समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, आणि त्याने मनगट पिरगाळलं की चाकू त्याचा होतो. कायद्याचंही बघा. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, गुप्तीही येते. सणावाराला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, तर लहान चाकूही अंगाशी येतो.

आमच्यातल्या एकीने मिरचीचा स्प्रे घेतला होता. मागच्या हिवाळ्यात ती आणि मी चौकात ऑटोतून उतरून गल्लीने निघालो. मागून कुणी धावत येत होतं. काहीतरी ओरडतही होतं, पण रुळावरून मालगाडी धडधडत चालली होती, शब्द कळेनात. खांद्याला हात लागला तशी ती वळली आणि तिने थेट तोंडावर फवारा मारला.

तो आमचाच ऑटोवाला होता. तिचा विसरलेला डबा द्यायला धावला होता.

वारा उलटा होता, थोडा फवारा आम्हालाही लागला. खोकत खोकत त्याला बोरिंगवर नेलं. मी हापसत होते, ती पाणी मारत होती. डोळे चोळू नको म्हणून दोघी ओरडत होतो, कारण मिरचीतला तिखट अंश तेलकट असतो, चोळला की पसरतो. भरपूर पाणी, मग चेहऱ्याला साबण, हाच उपाय. पाऊण तासाने त्याला नीट दिसू लागलं. “बाई, डबा तर रिकामाच होता जी,” एवढंच म्हणाला बिचारा.

चाकू असता तर तो त्या रात्री डोळे धुऊन घरी गेला नसता. म्हणून माझं म्हणणं असं, की हत्यार निवडताना हल्लेखोराचा विचार सगळेच करतात. तुमचा अंदाज चुकेल त्या रात्रीचाही करा. अंधारात दोन सेकंदांत माणूस ओळखायचा असतो.

कायदा बाजूने आहे, पण मोजून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. एरवी गरजेपुरतीच इजा. स्प्रे म्हणजे खेळणं असंही समजू नका. जिवाला धोका नसताना तो मारल्याच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला घातक शस्त्र मानलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. भांडणात, पार्किंगच्या वादात तो बाहेर काढायचाच नाही.

बंद जागेतही नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत एका खासदाराने स्प्रे मारला, तेव्हा अख्खं सभागृह खोकत बाहेर पडलं आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. ऑटोत किंवा रेल्वेच्या डब्यात तुमचीही तीच गत होईल. धावत्या गाडीत १३९ लावा, बाहेर ११२. पुडीतल्या मिरचीचं तर वाऱ्यापुढे काहीच चालत नाही. धारेचा स्प्रे घ्या, पसरणाऱ्या फवाऱ्याचा नको. तो पर्सच्या तळाशी नको, रस्त्यात उतरताना हातात हवा. मारला की तिथे थांबायचं नाही, उजेडाकडे पळायचं. डबीवरची मुदत बघत जा, आणि मे महिन्यात ती स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत दाबाची डबी फुटू शकते.

मुख्य म्हणजे आधी ओरडा. चोर असेल तर बिचकतो, ओळखीचा असेल तर नाव सांगतो, आणि शेजारपाजारचे साक्षीला येतात. आमची मैत्रीण आता लांबूनच “कोण आहे?” असं खणखणीत विचारते. ऑटोवालाही शहाणा झालाय, विसरलेली वस्तू दुसऱ्या दिवशी देतो.