ऑनलाइन वर्गात नाव घालण्याआधी

एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमाच्या अभ्यासक्रमाला नाव घालायला एक पैसाही पडत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फुकट म्हटल्यावर माणूस एका बैठकीत चार-चार विषय घेऊन मोकळा होतो. प्रस्तुत लेखिकेच्या कचेरीतल्या घोळक्याने संख्याशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम असाच हौसेने घेतला. परीक्षेला मोजकीच डोकी उरली. ही गळती काही आपल्याकडचीच नाही. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावं दिली आणि २३,००० च्या आसपास शेवटाला पोचले.

फायदा खोटा नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला, म्हणून आयआयटीचे सर आज कुणाच्याही स्वयंपाकघरात शिकवतात. कुकरची शिट्टी झाली की त्यांना थांबवता येतं, सूत्र कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावता येतं, आणि ते वैतागत नाहीत.

पण ते उत्तरही देत नाहीत. वर्गात शेजारणीला कोपर मारून ‘हे कुठून आलं गं?’ विचारलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात. इथे शंका लिहून टाकायची आणि वाट पाहायची. उत्तर येईपर्यंत पुढचा धडा येऊन पडलेला असतो. लेखिकेच्या गटात ज्यांनी शनिवारी चहाला एकत्र बसून गणितं सोडवली, त्याच टिकल्या. एकट्याने दीडपट वेगाने व्हिडिओ पळवणाऱ्यांना सगळं समजल्यासारखं वाटत राहिलं, स्वाध्याय समोर येईपर्यंत.

गुणांचा हिशेब आधीच वाचून ठेवावा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण धरतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत १० आणि परीक्षेत ३० हवेतच. परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी, तिची मुदत वेगळी आणि शुल्कही वेगळं. सगळे स्वाध्याय वेळेवर देऊन ही तारीख हुकवणारे दर सत्रात भेटतात. शिवाय परीक्षा घरी नसते, केंद्रावर जावं लागतं. तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर माउसने एकेक आकडा टिपत वर्गमूळ काढताना घाम फुटतो. घरी सराव तसाच करावा.

नेटवर्कचं रडगाणं नवं नाही. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावच्या, पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलीसाठी भावांनी डोंगरावर झोपडी बांधली होती, कारण रेंज तिथेच मिळायची. तिच्या जिद्दीचं कौतुक जरूर झालं. पावसाळ्यात झोपडीत बसून शिकावं लागणं हे कौतुकाचं नव्हे. थेट तासाऐवजी ध्वनिमुद्रित धडे आणि ते उतरवून घेण्याची सोय असलेला वर्ग गावाकडच्यांनी आधी शोधावा.

फुकटात वेळ जातो, खासगी क्लासमध्ये त्याहून जास्त. लेखिकेच्या ओळखीतल्या एका मुलाला ‘समुपदेशका’चा फोन आला: आजच प्रवेश घ्या, सवलत रात्री संपते, हप्ता बिनव्याजी. वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला आणि कर्ज झालं. पुढे शिकवणारे बदलले, तास रद्द होऊ लागले, मुलाने क्लास सोडला. बँकेतून हप्ता जातच राहिला. कर्ज क्लासचं नव्हतंच, एका वित्त कंपनीचं होतं. क्लासने आपले पैसे केव्हाच उचलले होते.

अशा तक्रारींमुळे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सूचना काढली होती: खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, अटी वाचा. फोनवरच्या माणसाला एकच विचारावं, ‘सोडलं तर कर्जाचं काय, हे लेखी द्याल?’ पदवीचं आमिष असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचंही नाव पाहावं. अभियांत्रिकी किंवा वैद्यकाची पदवी ऑनलाइन देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा.

अडकलेल्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गडचिरोलीत राहणाऱ्याला बंगळूरच्या कंपनीविरुद्ध गडचिरोलीच्याच ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी करारनामा, पावत्या आणि समुपदेशकाचे व्हॉट्सॲपवरचे गोड निरोप, काहीही पुसून टाकू नये.